वाढपी आणि खवय्ये

चकल्या-करंज्यांच्या वासात अमेरिकेतल्या बास्केटबॉलची चर्चा घेऊन यायचे, हा थोडासा आगाऊपणा आहे खरा. संपादकांनी माझ्याकडे मागितला होता एखाद्या नव्या कादंबरीवरचा टीकालेख. परंतु स्वतः कादंबऱ्या लिहिणाराने दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांवर लिहू नये. लिहिले तर पुढच्या दिवाळीला दोन-चार घरची फराळाची आमंत्रणे बंद होतात, असा माझा अनुभव आहे. आणि टीका करायची ती पुस्तकाचीच केली पाहिजे असे तरी कुठे आहे? गवयाच्या गाण्याची होते, नटाच्या कामाची होते. मग चेंडू खेळणाऱ्या माणसाच्या कारागिरीची का होऊ नये?

या विषयाने मला पछाडले ते २३ जून २०२५ च्या सोमवारी पहाटे. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, बाहेर पावसाची झिमझिम चालू होती आणि साडेपाच वाजता मी आणि माझा अकरावीतला मुलगा टेलिव्हिजनसमोर मांडी ठोकून बसलो होतो. अमेरिकेत त्या वेळी रविवारची संध्याकाळ होती आणि ओक्लाहोमा सिटी येथे एन. बी. ए. या व्यावसायिक स्पर्धेचा शेवटचा सामना सुरू होत होता. यजमान थंडर आणि इंडियानाचे पेसर्स या दोन संघांनी तीन-तीन सामने जिंकलेले. सातवा जो जिंकेल तो वर्षाचा विजेता.

आम्हा बापलेकांत गेले पंधरा दिवस भांडण चालले होते ते या दोन संघांच्या सूत्रधारांवरून. मुलगा थंडरच्या शे गिलजस-अलेक्झांडरचा भक्त. त्या हंगामात त्याने सामन्यागणिक सरासरी ३२.७ गुण केले होते. साऱ्या स्पर्धेत कुणापेक्षाही जास्त. मी पेसर्सच्या टायरीस हॅलिबर्टनच्या बाजूचा. त्याचे स्वतःचे गुण सरासरी १८.६, पण इतरांना करून दिलेली बास्केटे ९.२. “बाबा, तुम्हाला तो आवडतो कारण तो गरीब बिचारा दिसतो,” असे चिरंजीव म्हणत. मी म्हणे, “तुला तो दुसरा आवडतो कारण तुला अजून जग माहीत नाही.” वादात बापाची बाजू लंगडी पडू लागली की बापाला जगाचा आधार घ्यावा लागतो.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी चार ओळी. एका बाजूचे पाच गडी. जमिनीपासून दहा फुटांवर लोखंडी कडे नि त्याला जाळी. तीतून चेंडू वरून खाली गेला की दोन गुण, ठरावीक रेषेबाहेरून टाकलेला असेल तर तीन. प्रतिपक्षाने धसमुसळेपणा केला तर ठरलेल्या जागी उभे राहून निवांतपणे टाकायला मिळतो, त्याचा एक. चेंडू हातात धरून पळता येत नाही, टप्पे पाडीत न्यावा लागतो. आणि तो ताब्यात आल्यापासून चोवीस सेकंदांच्या आत कड्याकडे टाकावाच लागतो. चेंडू टप्पे पाडीत पुढे आणणारा आणि कुणी कुठे पळायचे हे बोटांनी खुणावणारा जो गडी, तो पॉइंट गार्ड. त्याच्या पासवर दुसऱ्याने लगोलग बास्केट केले तर त्याच्या नावावर एक ‘असिस्ट’ मांडला जातो.

मला हा माणूस पाहिला की पंगतीतला वाढपी आठवतो. चांगला वाढपी पातेले घेऊन नुसता धावत नाही. कुणाच्या पानातला भात संपत आला आहे, कुणाला आधी आमटी हवी, कोण “नको नको” म्हणताना खरोखरच हात आडवा धरतो आणि कोण नुसताच म्हणतो, हे तो दुरून हेरतो. पण पॉइंट गार्डांत दुसरी एक जात आहे. हा पातेले घेऊन येतो आणि स्वतःच पानावर बसतो! आणि जेवतो असा की, बघणाराने जिलब्या मोजत राहावे. पहिल्याला अमेरिकेतले जाणकार कौतुकाने ‘शुद्ध’ पॉइंट गार्ड म्हणत आले आहेत. दुसऱ्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात टाळ्या असतात, पण पाठोपाठ एक उसासाही असतो. वाढपी तो निःस्वार्थी, खवय्या तो आपमतलबी, असा हा जमाखर्च. मीही पुष्कळ वर्षे तोच मांडीत होतो.

त्या पहाटे काय झाले ते आता सांगतो. हॅलिबर्टनच्या उजव्या पोटरीला दोन सामने आधीच दुखापत झाली होती. तरी तो उतरला, आणि पहिल्या सातएक मिनिटांत ह्या वाढप्याने लांबून तीन वेळा चेंडू टाकून स्वतःच नऊ गुण केले. मग एकदा चेंडू घेऊन पुढे मुसंडी मारायला गेला आणि जमिनीवर कोसळला. उजव्या टाचेवरची शीर तुटली होती. तो तळहात जमिनीवर आपटू लागला तेव्हा चहा घेऊन आलेली माझी आई कप हातात धरूनच उभी राहिली आणि म्हणाली, “कुणाचं रे पोर ते?” मला काही उत्तर सुचले नाही. थंडरने सामना १०३–९१ असा जिंकला. खवय्या म्हणून ज्याची मी चेष्टा करीत होतो त्याने गुण केले २९, तथापि इतरांना वाढले बारा वेळा. माझा सूत्रधार अखेरच्या सात मिनिटांत नेम धरून टाकीत होता आणि मुलाचा सूत्रधार वाढीत होता. आमचे भांडण दोघांनी मिळून निकालात काढले होते. आम्हालाच ते उमगले नव्हते.

शाळेत पोहोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच. मग रोज रात्री वह्या तपासून झाल्या की जुन्या-नव्या सामन्यांची चित्रे पाहण्याचा मला नादच लागला.

वाढप्यांच्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणून बॉस्टन सेल्टिक्सच्या बॉब कूझीचे नाव घेतात. फ्रान्समधून आलेल्या गरीब आईबापांचा हा मुलगा. लहानपणी झाडावरून पडून उजवा हात मोडला, तेव्हा डाव्या हाताने चेंडू खेळवायला शिकला, आणि पुढे दोन्ही हात सारखे चालू लागल्यावर पाठीमागून, खांद्यावरून, न बघता असे पास देऊ लागला की लोक त्याला जादूगाराची उपमा देत. १९५३ पासून १९६० पर्यंत ओळीने आठ हंगाम असिस्टमध्ये तो पहिला होता आणि सहा अजिंक्यपदे जिंकणाऱ्या संघांतून तो खेळला. पण त्याच कूझीचा सर्वांत गाजलेला सामना कोणता? २१ मार्च १९५३ चा, सिरॅक्यूजविरुद्धचा. चार वेळा जादा वेळ खेळवावी लागली आणि कूझीने एकट्याने ५० गुण केले. त्यातले तीस गुण उभे राहून टाकलेल्या चेंडूंचे. ३२ पैकी ३०! त्या काळी चोवीस सेकंदांचा नियम नव्हता. आघाडी मिळाली की चेंडू खेळवीत वेळ काढायचा, आणि तो काढून घ्यायचा तर समोरच्याने अंगावर जायचे, एवढाच उपाय. कूझीच्या हातून चेंडू सुटेना, म्हणून ते त्याच्या अंगावर जात आणि तो शांतपणे एकेक गुण करी. असल्या कंटाळवाण्या खेळाला लोक विटले आणि १९५४ मध्ये घड्याळ आले. आद्य वाढप्याच्या चरित्रातले हे एक पान त्याचे भक्त जरा घाईने उलटतात असे मला वाटते.

पण माझे मत खरे फिरवले ते नेट आर्चिबाल्डने. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या गरीब वस्तीतून आलेला, सहा फूट एक इंचाचा माणूस. त्या राक्षसांच्या मेळाव्यात तो अगदी लहान दिसे. सगळे त्याला ‘टायनी’ म्हणत. १९७२–७३ च्या हंगामात कॅन्सस सिटी–ओमाहा किंग्ज या संघाकडून त्याने सामन्यागणिक ३४ गुण केले आणि ११.४ असिस्ट दिले. दोन्ही यादींत पहिला! एकाच हंगामात गुणांच्याही सरासरीत पहिला आणि असिस्टच्याही, असा पराक्रम त्याच्याआधी कुणी केला नव्हता, त्याच्यानंतरही केलेला नाही. म्हणजे पंगतीत सर्वांत जास्त जेवणाराही हाच आणि सर्वांत जास्त वाढणाराही हाच. आता सांगा, याला कोणत्या खान्यात घालायचे? आणि एवढे करून संघाचे काय झाले? ८२ सामन्यांपैकी ३६ जिंकले, ४६ हरले, आणि बाद फेरीत प्रवेशसुद्धा मिळाला नाही.

पुढे त्याची पायांची दुखणी सुरू झाली. हॅलिबर्टनची जी शीर तुटली तीच याचीही तुटली, आणि एक अख्खा हंगाम बुडाला. आता हा संपला असे लोक म्हणू लागले, तेव्हा बॉस्टनने त्याला घेतले. तिथे लॅरी बर्ड, रॉबर्ट पॅरिश, केव्हिन मॅकहेल अशी माणसे त्याच्या आजूबाजूला होती. १९८०–८१ मध्ये त्याचे गुण १३.८ वर आले, असिस्ट ७.७ वर; दोन्ही पूर्वीपेक्षा किती तरी कमी. आणि त्या वर्षी बॉस्टन ह्यूस्टनला हरवून अजिंक्य ठरला.

या कथेचे जे तात्पर्य सर्रास सांगितले जाते ते मला मुळीच पटत नाही. म्हणे, तरुणपणी तो स्वतःसाठी खेळला, दुखण्यांनी शहाणा झाला आणि मग संघासाठी खेळला. कीर्तनात शोभेल, पण आकडे तसे बोलत नाहीत. जो माणूस त्या हंगामात सर्वांपेक्षा जास्त असिस्ट देत होता, तो स्वार्थी कसा? कॅन्सस सिटीत त्याने पंचपक्वान्ने वाढली, पण पानावर बसलेल्यांना ती खाता येत नव्हती. म्हणून अर्धी त्याला स्वतःलाच संपवावी लागत. बॉस्टनमध्ये पानावर बर्ड बसला होता. आर्चिबाल्डचा स्वभाव बदलला नाही, पंगत बदलली. माणसाच्या परिस्थितीला त्याचा स्वभाव समजण्याची ही चूक आम्ही कादंबरीकार नेहमी करतो. टीकाकारांनीही तीच करावी याचे वाईट वाटते.

इथेच असिस्ट नावाच्या मापाविषयी एक तक्रार करून घेतो. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबलेले, पण एवढे मलाही कळते की हे माप दुसऱ्याच्या हाती आहे. पास कितीही सुंदर असो, ज्याला दिला त्याचा नेम चुकला तर वहीत शून्य. आम्हा मास्तरांचा निकालही असाच मुलांच्या हाताने लागतो. ज्याच्या भोवती नेमबाज तो मोठा दाता ठरतो, आणि ज्याच्या भोवती आंधळे त्याचे औदार्य कुठेच नोंदले जात नाही.

आता २००५ सालची एक लढत पाहा. माझ्या मते या साऱ्या प्रश्नाची किल्ली तीत आहे. फीनिक्स सन्स या संघाचा स्टीव्ह नॅश हा त्या काळचा आदर्श वाढपी. आदल्या वर्षी २९ सामने जिंकणारा संघ तो आल्यावर ६२ जिंकला, आणि वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला. बाद फेरीत त्याची गाठ पडली डॅलसशी, म्हणजे ज्या संघाने आदल्या उन्हाळ्यात त्याला जाऊ दिले होते त्याच्याशीच. चौथ्या सामन्यात डॅलसने एक अजब डाव टाकला. नॅशच्या साथीदारांना चिकटून राहायचे, त्यांच्यापासून हलायचेच नाही. आणि नॅशला म्हणायचे, बाबा रे, तू टाक, तुला मोकळीक आहे. नॅशने टाकले. ४८ गुण! आयुष्यातला त्याचा सर्वांत मोठा आकडा. असिस्ट मात्र पाच. फीनिक्स ११९–१०९ असा हरला.

घरी बसलेल्या प्रेक्षकाला वाटेल, बघा, वाढप्याने स्वतः जेवायला घेतले की घराची अशी दशा होते. पण थांबा. पुढच्या सामन्यात नॅशने ३४ गुण केले आणि असिस्ट दिले १२; त्याच्या पुढच्यात ३९ गुण, असिस्ट पुन्हा १२. दोन्ही सामने फीनिक्सने जिंकले आणि मालिकाही. म्हणजे तो गुण करायचा थांबला नाही. त्याने काय केले, तर चेंडू घेऊन इतक्या आत घुसू लागला, इतक्या नेमाने टाकू लागला की, साथीदारांना चिकटलेल्या राखणदारांना त्याच्याकडे एक पाऊल टाकावेच लागले. ते पाऊल पडले की पास गेलाच.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. खुर्ची काढायला बसवले की मुले खुर्चीकडेच बघतात आणि ती वाकडी येते. मी त्यांना सांगतो, खुर्ची काढू नका. पायांच्या मधली मोकळी जागा काढा, खुर्ची आपोआप येईल. चांगला पॉइंट गार्ड माणसे बघत नाही, माणसांच्या मधली जागा बघतो, हे मला फार पूर्वीपासून दिसत होते आणि त्याबद्दल मी स्वतःवर खूशही होतो. पण ती जागा येते कुठून, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. समोरचा राखणदार आपली जागा सोडतो तो भीतीने. हा आता टाकील, या भीतीने तो एक पाऊल पुढे येतो आणि त्याच्या पाठीमागे जागा तयार होते. ज्याच्या नेमाची भीती नाही त्याच्यासाठी कुणी जागा सोडत नाही. मग त्याची दृष्टी गरुडाची असली तरी तो बघणार काय? उलट, हा पास देणारच नाही अशी ज्याच्याविषयी खात्री असते, त्याच्यावर तिघे धावतात. पास चालतो नेमाच्या धाकावर आणि नेम लागतो पासच्या धाकावर. ‘शुद्ध’ म्हणून ज्याचा गौरव करायचा त्यात निम्मा खेळ वजा झालेला असतो.

ॲलन आयव्हर्सन हे या दुसऱ्या टोकाचे उदाहरण. सहा फुटांचा हा गडी फिलाडेल्फियात आला तो पॉइंट गार्ड म्हणूनच. पण प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी पुढे चेंडू आणण्याचे काम एरिक स्नो या साध्यासुध्या, कष्टाळू गड्याकडे दिले आणि आयव्हर्सनला नुसते जेवायला बसवले. २००१ च्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात त्याने लेकर्सच्या घरच्या मैदानावर ४८ गुण करून त्यांना हरवले. त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांत लेकर्स हरले ते तेवढ्या एकाच सामन्यात. मालिका मात्र त्यांनी ४–१ अशी खिशात घातली. आयव्हर्सन मला आवडतो. पण आवडते ते त्याचे धाडस. त्याचा खेळ दुसऱ्यांदा पाहावासा वाटत नाही.

जॉन स्टॉकटन याच्याबद्दल अधिक लिहायला हवे, कारण वाढप्यांच्या बाजूचा हा सर्वांत मोठा साक्षीदार. एकोणीस हंगाम, सगळे यूटा जॅझ या एकाच संघाकडून. एकोणीस वर्षांत दुखण्याखुपण्याने चुकलेले सामने अवघे बावीस. असिस्ट १५,८०६. हा आकडा त्याने २००३ मध्ये खेळ सोडला तेव्हाही अजोड होता, आजही आहे. त्याचा आणि कार्ल मलोनचा डाव साऱ्या देशाला पाठ होता. अंगापिंडाने धिप्पाड मलोन येऊन स्टॉकटनच्या राखणदाराच्या वाटेत खांबासारखा उभा राही. स्टॉकटन त्याच्या खांद्याला घासून पुढे सरके. आता राखणदार दोन आणि ठरवायला क्षण एक, की स्टॉकटनला धरायचे की कड्याकडे वळलेल्या मलोनला? ज्याला सोडतील तो बास्केट करी. इतकी वर्षे तोच डाव, तरीही तो अडवता का येत नव्हता? कारण स्टॉकटन मोकळा सुटला तर चुकत नसे. जन्मभरात त्याने टाकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक चेंडू आत गेले. लोक त्याच्या पासची आरती करतात; पण त्या पासमागे हा नेम दडलेला होता.

२९ मे १९९७ रोजी ह्यूस्टनमध्ये घड्याळातले शेवटचे क्षण संपत असताना बरोबरीच्या अवस्थेत या वाढप्याने रेषेबाहेरून चेंडू टाकला, तो आत गेला आणि यूटा प्रथमच अंतिम मालिकेत पोहोचला. एरवी दगडासारखा राहणारा स्टॉकटन त्या दिवशी लहान मुलासारखा उड्या मारीत होता. पुढच्या वर्षी शिकागोविरुद्ध एका गुणाने मागे असताना पुन्हा शेवटचा चेंडू त्याच्याच हाती आला. त्याने टाकला, तो चुकला आणि अजिंक्यपद कायमचे हुकले. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, दोन्ही वेळा त्याने टाकला.

स्टेफन करीने तर ही वहीच निरुपयोगी केली. २०१५–१६ मध्ये याने रेषेबाहेरून ४०२ बास्केटे केली. त्याआधीचा उच्चांक २८६, तोही त्याचाच! आता अर्ध्या मैदानापासूनच दोघे-दोघे त्याच्यावर धावून येतात. तो चेंडू सोडून देतो ड्रेमंड ग्रीनकडे. पुढे चौघांविरुद्ध तिघे उरतात. ग्रीन पास देतो, तिसराच कुणी बास्केट करतो. असिस्ट ग्रीनच्या नावावर, गुण तिसऱ्याच्या. करीचे नाव त्या ओळीत कुठेच नाही आणि सगळे घडले ते त्याच्या भीतीने. असा माणूस आपमतलबी की परोपकारी? चार अजिंक्यपदे जिंकून झाल्यावरही या प्रश्नाला अर्थ राहिला आहे असे मला वाटत नाही.

हे सारे मी एका संध्याकाळी आईला समजावून सांगत होतो. ती कोथिंबीर निवडीत बसली होती. मी मोठ्या उत्साहाने सांगितले, “एकूण काय, चांगला वाढपी तो, ज्याला जेवताही येतं.” आई मान वर न करता म्हणाली, “वाढणारीला भूक नसते असं कुणी सांगितलं होतं तुला?”

कुणी सांगितले नव्हते. पण आमच्या घरी दिवाळीची पंगत उठल्यावर आई आणि काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जेवत, तेव्हा बासुंदीच्या पातेल्याला जे चिकटले असेल तेवढेच त्यांच्या वाट्याला येई. आणि आम्ही ढेकर देत बाहेरून म्हणत असू, काय पण वाढलंत!

आणि मग मला टाळता येईना अशी एक गोष्ट आठवली. आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षकांची जागा बरीच वर्षे रिकामी आहे, म्हणून शिटी चित्रकलेच्या मास्तरच्या गळ्यात. दोन वर्षांपूर्वी मुलींच्या संघात आठवीतली एक मुलगी होती. चेंडू तिच्या हाताला चिकटल्यासारखा राही, आणि नेमही उत्तम. ती स्वतःच फार वेळा टाकते अशी इतर मुलींची कुरकुर होती. मी तिला बाजूला घेऊन स्टॉकटनची गोष्ट सांगितली, १५,८०६ चा आकडा सांगितला. म्हटले, “तू दे. देण्यात मोठेपण आहे.” ती द्यायला लागली. जिल्ह्याच्या सामन्यांत उपान्त्य फेरीत आम्ही एका गुणाने मागे होतो, दहाएक सेकंद उरले होते. ती चेंडू घेऊन आत गेली, समोरची मुलगी घसरून पडली, कड्याखाली ती एकटी. आणि तिने पास दिला. ज्या मुलीला दिला तिला तो येईल असे वाटलेच नव्हते. चेंडू तिच्या गुडघ्यावर आपटून बाहेर गेला.

बसमध्ये मी तिला विचारले, “टाकला का नाहीस?” ती म्हणाली, “सर, तुम्हीच सांगितलं होतंत ना.” तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मुलगा फार टाकतो तेव्हा आम्ही त्याला धडाडीचा म्हणतो. त्याच संध्याकाळी मुलांच्या संघातल्या एकाने आठ वेळा टाकून सात वेळा चुकवले होते, त्याला मी स्टॉकटनची गोष्ट सांगितली नव्हती.

हॅलिबर्टनबद्दलही मी असाच अर्धवट बोलत होतो. त्याच वसंतात खेळाडूंच्या एका निनावी मतदानात, लायकीपेक्षा जास्त नावाजलेला म्हणून सर्वांत जास्त मते त्याला पडली होती. त्यानंतर त्याने काय केले? मिलवॉकीविरुद्ध अखेरच्या क्षणी बास्केट करून सामना जिंकला. क्लीव्हलँडविरुद्ध तेच. न्यूयॉर्कमध्ये त्याचा चेंडू कड्यावर आपटून उंच उडाला, वेळ संपली, आणि मग वरून आत पडला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत संघ जिंकला. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यात तर समोर गिलजस-अलेक्झांडरने ३८ गुण केलेले असताना, घड्याळात ०.३ सेकंद उरले असता याने चेंडू टाकला नि १११–११० असा निकाल फिरवला. आणि हाच माणूस न्यूयॉर्कविरुद्ध एका सामन्यात ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड करून गेला, तेही एकदासुद्धा चेंडू न गमावता. मला तो वाढपी म्हणून आवडत होता. समोरच्या संघांना त्याची भीती वाटत होती ती मात्र तो टाकील याची. दुखापतीमुळे २०२५–२६ चा सबंध हंगाम तो खेळणार नाही असे त्याच्या संघाने जाहीर केले, तेव्हा माझ्या मुलालाच जास्त वाईट वाटले.

“मग श्रेष्ठ कोण ते सांगा,” असे मुलगा अजून मला खिंडीत गाठतो. त्या वर्षीपुरते विचारशील तर तुझा, असे मी कबूल केले आहे. बारा असिस्टसाठी, २९ गुणांसाठी नव्हे. त्याला हे उत्तर आवडलेले नाही.

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा सरावाला आली. उजव्या बाजूने आत आली, समोर एक राखण, डावीकडे मैत्रीण मोकळी. क्षणभर माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, देऊ की टाकू?” मी म्हटले, “मला काय विचारतेस? तू बघ.” तिने टाकला. चेंडू कड्याच्या पुढच्या बाजूवर आपटला आणि मैदानाशेजारच्या गटारात गेला. तो काढायला मीच गेलो.